अपडेट केलं, पण बदललं काहीच नाही! पॅकेज मॅनेजरची भाषा, नवख्यांसाठी

रामबागकर | रविवार, सकाळी ९:४०

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरचा हात काढून घेतला, आणि तेव्हापासून आमच्या रामबागेतल्या घरी जुन्या लॅपटॉपांची रांग लागली आहे. "यात अकरा जात नाही म्हणे, तुमचं ते लिनक्स टाकून द्या." देतो टाकून. बहुतेकांना मिंट, थोड्यांना उबुंटू. खरी गंमत आठवड्याभरानं सुरू होते. परवा शेजारच्या काकांचा फोन आला: "अरे, सकाळपासून तीनदा अपडेट मारलं. दरवेळी म्हणतं ४७ पॅकेजेस अपग्रेड होऊ शकतात, आणि गप्प बसतं. होऊ शकतात तर करत का नाही?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. दोष त्यांचा नाही, शब्दांचा आहे. म्हणून हा धागा. मी सांगतोय ते डेबियन घराण्याबद्दल, म्हणजे डेबियन, उबुंटू, मिंट. आदेश इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर, म्हणजे आदेश टंकायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायचे.

माझे वडील इंदूरच्या सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम होते. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम भावाची यादी नवी करायची. खोबरं काय भावानं, हळद कुणाकडे आलीय, किती पोती. यादी नवी झाली म्हणून गोदामातलं एक पोतंही हलत नसे. 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हणजे ती यादी ('सुडो' म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं, 'ॲप्ट' हा आपला पॅकेज मॅनेजर). 'सुडो ॲप्ट अपग्रेड' म्हणजे हमाल बोलावून माल आत घेणं. काका तीनदा यादी नवी करत बसले होते, हमालाला कुणी हाक मारलीच नाही.

आणि यातच मुख्य मुद्दा आला. पॅकेज मॅनेजरला, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, लोक दुकान समजतात. तो दुकान नाही, मुनीम आहे. कोणता माल कधी आला, कुठल्या फडताळात ठेवला, कुणासाठी मागवला होता, हे सगळं तो वहीत लिहितो. वही खरोखरची आहे: 'व्हार' फोल्डरात 'लिब', त्यात 'डीपीकेजी', त्यात 'स्टेटस' नावाची साधी मजकुराची फाइल. उघडून वाचा, मजा येते. हात लावू नका.

आता पॅकेज. 'डेब' फाइल सोडून पाहिली तर आत तीनच वस्तू निघतात. एक चिमुकली फाइल, जिच्यात गाठोड्याच्या बांधणीचा क्रमांक असतो. दुसरी 'कंट्रोल' नावाची पुडी: नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, सोबत काय काय लागेल, आणि बसवताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्टा. तिसरी पुडी म्हणजे खरा माल. म्हणजे बिलटी आणि माल एकाच गाठोड्यात.

रेपॉझिटरी, बोलीत रेपो, म्हणजे अशा गाठोड्यांचं गोदाम आणि त्याची यादी. मिरर म्हणजे त्याच गोदामाची हुबेहूब नक्कल, आपल्याला जवळ पडेल अशी.

लोक 'डीपीकेजी' आणि 'ॲप्ट' यांत गोंधळतात. डीपीकेजी १९९४ पासूनचा, थोरला. हातात दिलेलं एक गाठोडं सोडायचं, माल जागी लावायचा, वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. सोबतचं काही कमी पडलं तर तो बाजारात जात नाही, फक्त कुरकुरतो. बाजारात जातो तो ॲप्ट, जो १९९९ साली डेबियन २.१ बरोबर आला. शेवटी गाठोडं सोडायला ॲप्टही डीपीकेजीलाच बोलावतो.

विचारा आता. चहा ठेवलाय.


पोहे_जिरावन_मारके | रविवार, १०:१५

वाखु (वाचनखूण) साठवली! आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मग मुनीम सुटीवर गेला की काय होतं? मी म्हटलं पुढे वाचा.

माझा प्रश्न 'रिमूव्ह', 'पर्ज' आणि 'ऑटोरिमूव्ह'चा. मागे एक गेम काढला, तर खाली सूचना आली की अमुक १२ पॅकेजेस आता लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह करा. मी भीतीनं केलंच नाही. न जाणो, उद्या कॉम्प्युटर उठलाच नाही तर?


रामबागकर | रविवार, १०:५०

ताई, लग्नाचं बघा. नवरदेव म्हणजे तुम्ही मागितलेला गेम. त्याच्याबरोबर आलेलं वऱ्हाड म्हणजे डिपेंडन्सी. तुम्ही बोलावलेल्याच्या नावापुढे मुनीम 'मॅन्युअल' लिहितो, वऱ्हाड्यांच्या नावापुढे 'ऑटो'. नवरदेव गेला की वऱ्हाडाला जानवशात राहायचं कारण उरत नाही. ऑटोरिमूव्ह म्हणजे जानवसा रिकामा करणं. त्यातला एखादा वऱ्हाडी दुसऱ्या लग्नातही असेल, तर मुनीम त्याला हलवत नाही.

'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' म्हटलं की तुम्ही बोलावलेल्यांची यादी दिसते.

वऱ्हाडातही प्रती आहेत. 'डिपेंड्स' म्हणजे ज्याच्यावाचून लग्न लागतच नाही: भटजी. 'रेकमेंड्स' म्हणजे बँडवाले. नसले तरी लग्न लागतं, पण लोक बोलतात. ॲप्ट त्यांना न विचारताच बोलावतो. 'सजेस्ट्स' म्हणजे घोडी. हवी असली तर सांगा, आपणहून येणार नाही. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे एका मांडवात न येणारे दोन भाऊबंद. आणि 'प्रोव्हाइड्स'चं असं, की भटजी हवा, अमुकच हवा असं नाही. 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' नावाचं पॅकेज गोदामात शोधलं तर सापडणार नाही, ते नुसतं ईमेल पोचवणाऱ्याचं पद आहे. पोस्टफिक्स किंवा एक्झिम४, कुणीही येऊन त्या पाटावर बसतो. याला व्हर्च्युअल पॅकेज म्हणतात.

रिमूव्ह आणि पर्ज: रिमूव्हनं माल जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली 'ईटीसी' फोल्डरात राहतात, पुन्हा बसवलात तर जुनी घडी मिळावी म्हणून. पर्जनं त्याही जातात. तुमच्या होम फोल्डरातलं मात्र दोघंही शिवत नाहीत. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत 'आरसी' अशी दोन अक्षरं दिसली, तर समजा माणूस गेला, पण पेटी इथेच आहे.


पोहे_जिरावन_मारके | रविवार, ११:०५

पेटी इथेच आहे! 😄 आमच्याकडे असे चार पाहुणे आहेत. केलं हो ऑटोरिमूव्ह. कॉम्प्युटर उठला.


लष्करकर | रविवार, दुपारी १२:३०

ग्वाल्हेरहून. घराणं वेगळं: फेडोरा. तुमची यादी-माल ही फोड आमच्याकडे चालणार नाही, नवख्यांना आधीच सांगून ठेवा. आमचा मुनीम 'डीएनएफ', त्याच्यात अपडेट आणि अपग्रेड एकच, अपडेट हे फक्त जुन्या सवयीचं नाव. यादी जुनी झाली की तो आपणच नवी करतो. मॅकवरच्या होमब्रूमध्ये पुन्हा तुमच्यासारखंच, अपडेट म्हणजे यादी. आणि जावास्क्रिप्टवाल्यांच्या 'एनपीएम'मध्ये अपडेट म्हटलं की थेट पॅकेजेसच बदलतात. शब्द एक, घर बदललं की अर्थ बदलतो.

अवांतर: होमब्रूची परिभाषा वाचली आहे का कुणी? पाककृतीला फॉर्म्युला, तयार बांधलेल्या पॅकेजला बॉटल, बसवलेल्याला केग, ठेवायच्या जागेला सेलर, बाहेरच्या रेपोला टॅप. सगळी दारूची भट्टी. आमच्या आत्यासमोर हे बोलायची सोय नाही.


निवृत्त_लेखापाल | रविवार, दुपारी ४:१०

सप्रेम नमस्कार. ३४ वर्षं हिशेब पाहिले, त्यामुळे वहीची उपमा आवडली. पण सध्या माझीच तेरीज जुळत नाही.

नातवाच्या मुंजीचं चित्रीकरण कापायचं आहे. त्यासाठी एका संकेतस्थळावरून डेब फाइल घेतली. यूट्यूबवर सांगितल्याप्रमाणे 'सुडो डीपीकेजी -आय' केलं. उत्तर आलं: लिबसी६ ही २.३८ किंवा पुढची हवी, तुमच्याकडे २.३५ आहे, डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड. माझ्याकडे मिंट २१ आहे. आता मी लिबसी६ ची २.३९ शोधून काढली आहे, डाउनलोड ६० टक्के झालं आहे. तीही याच आदेशानं बसवतो. बरोबर ना?


रामबागकर | रविवार, ४:१४

काका, थांबा! बसवू नका. डाउनलोड झालं असेल तर फाइल कचऱ्यात टाका. बाकीचं दहा मिनिटांत लिहितो.


रामबागकर | रविवार, ४:३५

हां. लिबसी म्हणजे वऱ्हाडातला साधा पाहुणा नाही. तो मांडवाचा मधला खांब आहे. तुमच्या मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम, अगदी फाइलींची यादी दाखवणारा 'एलएस'सुद्धा, त्याच्या आधारानं उभा आहे. मिंट २१ हे उबुंटू २२.०४ वर बांधलेलं, तिथे लिबसी २.३५. तुमची डेब फाइल उबुंटू २४.०४ साठी बांधलेली दिसते, तिथे २.३९ असते. दुसऱ्या मांडवाचा खांब ओढून आणून इथे ठोकलात, तर तो प्रोग्राम उभा राहील न राहील, बाकीचं छप्पर मात्र डोक्यावर.

तुम्ही जे वाचलंत त्याला 'व्हर्जन्ड डिपेंडन्सी' म्हणतात: नुसता भटजी नको, अमुक इयत्ता शिकलेला हवा.

आता हिशेब. डीपीकेजीनं गाठोडं सोडलं, माल पसरला, मग लक्षात आलं की खांब अपुरा आहे. म्हणून वहीत अर्धवट नोंद करून सोडून दिली. लीव्हिंग अनकॉन्फिगर्डचा अर्थ तोच. ही अर्धी नोंद असेपर्यंत ॲप्ट तुमचं दुसरं कुठलंच काम करणार नाही, प्रत्येक वेळी ब्रोकन पॅकेजेसची तक्रार करेल. करा: 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. तो बहुधा म्हणेल की हे पॅकेज काढून टाकतो. होय म्हणा. पण होय म्हणण्याआधी, काय काढतोय ती यादी नीट वाचा.

पुढच्या वेळी बाहेरची डेब बसवायचीच असेल, तर डीपीकेजीऐवजी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढे ठिपका, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव द्या. ॲप्ट आधी हिशेब करतो, जमत नसेल तर गाठोडं सोडतच नाही.

आणि चित्रीकरणासाठी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तोच प्रोग्राम शोधा, फ्लॅटपॅक असं लिहिलेलं निवडा. फ्लॅटपॅक म्हणजे स्वतःचा तंबू आणि खांब घेऊन येणारं लग्न. तुमच्या मांडवाशी त्याचा संबंध नाही, म्हणून जुन्या मिंटवरही नवा प्रोग्राम चालतो. किंमत म्हणजे आकार: पहिल्या वेळी 'रनटाइम' नावाचं काही शे एमबीचं सामान उतरेल. पुढच्या फ्लॅटपॅकना तोच रनटाइम पुरला तर पुन्हा उतरत नाही.


भिया_राम | रविवार, ५:०२

यादी वाचा याला +१००. २०२१ मध्ये एका मोठ्या यूट्यूबरनं पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम (गेमांचं दुकान) बसवायला घेतलं. पॅकेजिंगमध्ये चूक होती, ॲप्ट म्हणाला यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, खात्री असेल तर पूर्ण वाक्य टंका: 'येस, डू ॲज आय से'. त्यानं टंकलं. डेस्कटॉप गायब. ॲप्टनं बिचाऱ्यानं सांगितलं होतं भिया.


निवृत्त_लेखापाल | रविवार, ५:२०

फाइल कचऱ्यात टाकली आहे. फिक्स-ब्रोकन केलं, एकच नाव काढतो म्हणाला, तेच होतं. फ्लॅटपॅक उतरतंय, ७०० एमबी दाखवतंय. तोवर संध्या करून घेतो.


तुकोगंज_दोन_नंबर | रविवार, रात्री ८:४५

सगळं ठीक, पण त्या गोदामावर भरवसा का ठेवायचा? काकांची डेब वाईट आणि रेपोतली चांगली, हे कुणी ठरवलं?


रामबागकर | रविवार, ९:३०

चांगला प्रश्न. काकांची डेब वाईट नव्हती, दुसऱ्या घराची होती. पण भरवशाचं सांगतो.

डेबियन-उबुंटूत प्रत्येक गाठोड्यावर वेगळी सही नसते. सही असते 'रिलीज' नावाच्या एकाच कागदावर. त्या कागदात याद्यांचे हॅश असतात, म्हणजे मजकुराचे ठसे. त्या याद्यांत प्रत्येक गाठोड्याचा ठसा. सही तपासायची किल्ली तुमच्या मशीनवर आधीपासून असते. त्यामुळे मिरर कुणाचाही असो, वाटेत कुणी गाठोड्यात एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट माल परत करतो. 'नो पबकी' अशी तक्रार आली, तर अर्थ इतकाच की सही आहे, पण ती ओळखणारी किल्ली आपल्याकडे नाही.

पीपीए म्हणजे उबुंटूच्या लाँचपॅडवर कुणीही उघडलेलं खासगी गोदाम. तो जोडला की त्या माणसाची किल्ली तुम्ही घरात ठेवून घेता, आणि त्याच्या स्क्रिप्टा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकारानं चालतात. मी तरी दोनपेक्षा जास्त पीपीए ठेवत नाही.

आता सहीची मर्यादा. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल दाबण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. तो घातला होता प्रकल्पात दोनेक वर्षं काम करून विश्वास कमावलेल्या माणसानं. म्हणजे सह्या, किल्ल्या, सगळं रीतसर. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं! डेबियनच्या 'टेस्टिंग' आणि 'अनस्टेबल' या चाचणीच्या शाखांत ती आवृत्ती पोचली होती, नेहमीच्या वापराच्या 'स्टेबल'मध्ये नाही. स्टेबलमधला माल शिळा असतो म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शिळ्यावरून आठवलं. आवृत्तीचा आकडा वाचायला शिका. उबुंटू २४.०४ मधल्या ओपनएसएसएचची आवृत्ती '१:९.६पी१-३उबुंटू१३' अशी सुरू होते. कोलनच्या आधीचा १ म्हणजे 'इपॉक', आकड्यांची पद्धत कधीतरी बदलली त्याची खूण. मधलं ९.६पी१ हे मूळ लेखकांचं. आडव्या रेघेनंतरचं सगळं डेबियन आणि उबुंटूवाल्यांच्या हातचं. सुरक्षेची दुरुस्ती आली की मधला आकडा तसाच राहतो, शेपटी वाढते. याला बॅकपोर्ट केलेली दुरुस्ती म्हणतात. ९.६ बघून जुनं म्हणू नका, शेपटी बघा.


भिया_राम | रविवार, ९:५०

माझं पण एक अडकलंय. मिंट २२. पायथनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर 'पिप', त्याचं काही 'पिप इन्स्टॉल' केलं की म्हणतं 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'. वर्गातल्या एकानं '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावायला सांगितलं. नावच असं आहे की हात थरथरले.


रामबागकर | रविवार, १०:०५

हात शहाणे आहेत तुझे. एका वहीत दोन मुनीम लिहायला लागले, म्हणून ही सूचना. पायथनच्या फडताळात ॲप्टही माल ठेवतो, पिपही. पिपनं काही बदललं तर ॲप्टच्या वहीला पत्ता नसतो, आणि मिंटची कितीतरी साधनं पायथनवरच चालतात. 'पायथन३ -एम व्हेन्व्ह' नं प्रत्येक प्रकल्पाला वेगळं फडताळ कर, तिथे पिपला हवं ते करू दे. आदेश चालला नाही तर 'पायथन३-व्हेन्व्ह' हे पॅकेज आधी बसव.

आणि वेब शिकत असशील तर एक सावधगिरी. ॲप्ट 'कुड नॉट गेट लॉक' म्हणतो ते लॉक म्हणजे वहीवर सध्या कुणीतरी लिहितंय, बहुतेक वेळा मागे आपोआप चाललेलं अपडेट. पाच मिनिटं थांबायचं. ती लॉक फाइल डिलीट करायला सांगणारे व्हिडिओ बघू नकोस. एनपीएममधली 'लॉक' फाइल मात्र अगदी वेगळी: कोणती आवृत्ती ठरली याचा पक्का कागद, जपून ठेवायची.


शुद्धलेखन_सभासद | सोमवार, सकाळी ७:३०

विवेचन उत्तम. पण रेपॉझिटरी, डिपेंडन्सी... मराठीत 'भांडार', 'अवलंबन' हे शब्द असताना? इंदूरच्या मराठीत आधीच हिंदीचा भरणा, त्यात आता हे.


रामबागकर | सोमवार, ८:१०

तुमचा मुद्दा मान्य, आणि बोलताना मी भांडार म्हणतोही. पण रात्री अकराला त्रुटी येते तेव्हा पडद्यावर इंग्रजी शब्द असतो, आणि शोधायचाही तोच. गंमत म्हणजे ॲप्ट आणि डीपीकेजी या दोघांचेही मराठी अनुवाद कुणीतरी कष्टानं करून ठेवले आहेत. सिस्टिमची भाषा मराठी ठेवलीत तर बरेच संदेश मराठीत दिसतात. पण ते शोधून उत्तर मिळत नाही, तेव्हा आदेशाआधी 'एलसी_ऑल=सी' लावा, तेवढ्यापुरता तो इंग्रजीत बोलतो.

तुमच्यासाठी खास: 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज बसवा. हे मेटापॅकेज, म्हणजे आत माल नाही, नुसती बोलावण्यांची यादी. ते बोलावतं त्या फॉन्टांत 'गार्गी', 'नकुल' आणि 'सहदेव' आहेत. मोठे तिघे भाऊ आले नाहीत.


लष्करकर | सोमवार, ८:२५

नुसती यादी असलेली पॅकेजं फसवतातही. उबुंटू २२.०४ पासून 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं की येतं ते डेब रिकामं, ते मागच्या दारानं स्नॅप (उबुंटूवाल्यांचं फ्लॅटपॅकसारखं गाठोडं) बसवतं. 'ट्रान्झिशनल पॅकेज' म्हणायचं त्याला. फायरफॉक्स उघडायला वेळ का लागतो म्हणून माझा भाऊ महिनाभर रॅमला शिव्या देत होता.


रामबागकर | सोमवार, ८:४०

मिंटमध्ये ती अडचण नाही, तिथे फायरफॉक्सचं खरं डेब आहे आणि स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. घराघराचे रिवाज.


निवृत्त_लेखापाल | सोमवार, रात्री ९:१५

मुंजीचं चित्रीकरण ४२ मिनिटांवरून ११ वर आणलं. भिक्षावळ पूर्ण ठेवली, भाषणं काढली. सूनबाई खूश.

आज अपडेट, मग अपग्रेड, या क्रमानं केलं. शेवटी ऑटोरिमूव्ह सुचवलं. होय म्हणण्याआधी यादी वाचली. चार नावं आहेत, चारही 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी: इमेज, हेडर्स, मॉड्यूल्स वगैरे. खुद्द लिनक्सच काढतंय की काय, म्हणून हात आखडता घेतला आहे.


रामबागकर | सोमवार, ९:२२

नावापुढचे आकडे बघा. मग 'यूनेम -आर' टंका, सध्या चालू असलेल्या कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, आकडा येईल. यादीतले त्याहून जुने असतील. नवा कर्नल आला की जुना लगेच काढत नाहीत, नव्यानं दगा दिला तर परत फिरता यावं म्हणून आधीचा एक ठेवतात. हे त्याच्याही मागचे.


निवृत्त_लेखापाल | सोमवार, ९:३१

आकडा पाहिला. यादीतले सगळे जुने. होय म्हटलं. ३९० एमबी मोकळे झाले.